वादी मुक्कामाला

दादाने ते काम घेतलं तेव्हा दार कोणाचं आहे हे विचारलंच नाही. आमच्या कुलूपकिल्लीच्या दुकानात ते विचारायची रीत नव्हती. वडील म्हणायचे, आधी नाव कळलं की हात जड होतो. कोर्टातून बेलिफांचा फोन यायचा, "मास्तर, उद्या सकाळी एक दार आहे." वडील "येतो" म्हणायचे आणि गल्ली नि नंबर खडूने फळीवर लिहून ठेवायचे. घर खाली करायचा हुकूम झाला की माणसं पुष्कळदा आतून कुलूप घालून बसतात. आमच्या भागातली अशी बहुतेक दारं वडिलांनी उघडली होती, एकही न मोडता. त्यांनी आयुष्यात कोणाला काही शिकवलं नव्हतं, पण त्या हातांमुळे सगळे त्यांना मास्तर म्हणत.

ते गेल्यानंतर कोर्टाचा हा पहिलाच फोन. दादाला बरं वाटलं. दुकान बापाबरोबर गेलं नाही, एवढं तरी कळलं. त्याने वडिलांच्याच आवाजात "येतो" म्हटलं, पत्ता फळीवर लिहिला आणि आत चहा प्यायला आला.

फळी वाचली वहिनीने. ती दुकान झाडत होती, झाडू हातात घेऊनच आत आली.

"अहो, फळीवरचं अक्षर तुमचंच ना?"

"माझंच. का?"

"काही नाही. उद्या तुम्ही आपलंच घर फोडायला चाललाय."

दुकान मोठ्या रस्त्यावर, आणि त्याच्या पाठीमागे आमच्या तीन खोल्या. त्या खोल्यांचं मोठं दार मागच्या गल्लीत उघडतं. कोर्टाला ठाऊक असलेला नंबर त्या दारावरच्या गंजक्या पत्र्यावर आहे, आणि तो पोस्टमनशिवाय कोणी वाचत नाही. दादाने तो फोनवर ऐकला, परक्याचा असल्यासारखा लिहिला, खाली रेघही मारली.

त्याने हातातला कप खाली ठेवला नाही. उभ्या उभ्या शेवटपर्यंत प्यायला. आमच्याकडे संकट आलं म्हणून चहा टाकून देत नाहीत.

"बेलिफांना फोन लावा," वहिनी म्हणाली.

दादाने लावला, दोनतीनदा लावला. पण ऑफिस सुटल्यावर बेलिफ फोन उचलत नाहीत. उचलला तर रात्रभर माणसं रडतात.

*

घर आत्याचं होतं. तिच्या नवऱ्यामागे तिच्याकडे आलेलं. आमचे वडील तिचे धाकटे भाऊ आणि माझ्या जन्माआधीपासूनचे तिचे भाडेकरू. आत्याच्या मुलाला, म्हणजे दातांच्या डॉक्टरला, दवाखान्यासाठी ही जागा हवी होती, म्हणून आत्याने भावावर दावा लावला. पहिल्या तारखेला ती आमच्याच घरी येऊन बसली. तिला रस्ता ओलांडायला भीती वाटायची, आणि कोर्टाच्या समोरचा रस्ता तर फारच रुंद. तेव्हापासून वादी आणि प्रतिवादी प्रत्येक तारखेला एका बसने गेले, एका बाकावर बसले आणि आईने बांधून दिलेल्या एकाच डब्यातून जेवले. तारीख पुढे गेली की दोघांनाही आनंद व्हायचा. शेवटी निकाल आत्याच्या बाजूने लागला. वडील अपील करतो म्हणाले. केलं नाही. तोवर त्यांना चालवेनासं झालं होतं, आणि मग ते गेलेच.

आम्हाला वाटलं, केसही त्यांच्याबरोबर गेली. असं आम्हाला काकांनी सांगितलं होतं. काका म्हणजे वडिलांचे सर्वांत धाकटे भाऊ, नोकरीत असताना घरोघर विजेचे मीटर वाचायचे. शेजाऱ्याच्या पन्हाळीचं पाणी आपल्या भिंतीवर पडतं म्हणून त्यांनी कित्येक वर्षं दावा चालवला होता. तो हरले, आणि तेव्हापासून घरातले वकील झाले.

संध्याकाळी ते धावत आले. त्यांच्या मागोमाग आत्याही आली. ती रोजच यायची. सुनेशी दुपारी भांडण, संध्याकाळी भावाकडे, हा तिचा क्रम भाऊ गेल्यावरही मोडला नव्हता.

"काय झालं?" तिने विचारलं. "सगळे असे रांगेत का बसलात?"

"तुम्ही आम्हाला उद्या घराबाहेर काढताय, वन्सं," आई म्हणाली. आई बटाटे सोलत होती.

"उद्या?" आत्या खुर्चीवर टेकली. "मला कोणी बोललं नाही."

"तुमची सही असेल की त्यावर."

"माझी सही कशावर नसते? तो दातवाला कागद पुढे करतो, मी चष्मा शोधेपर्यंत झालेली असते सही." तिने एक बटाटा उचलून पाहिला. "जाड सोलतेस गं तू. अजून."

काकांनी घसा साफ केला. ते आल्यापासून या क्षणाची वाट पाहत होते.

"हे बघा, घाबरायचं नाही. भाडेकरूला हक्क असतात. पहिली गोष्ट, सूर्य उगवायच्या आत आणि मावळल्यावर बेलिफाला घरात पाऊल टाकता येत नाही."

"ते सकाळी दहाला येणार आहेत," दादा म्हणाला.

"मग तो मुद्दा गेला. दुसरं म्हणजे दार आतून लावून घ्यायचं. उघडं दिसलं तर ते सरळ आत येतात, बंद असलं तर आधी आवाज द्यावा लागतो, पंच बोलवावे लागतात, कुलूपवाला आणावा लागतो."

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं.

"कुलूपवाला येणार नाही," वहिनी म्हणाली. "तो आजारी आहे."

"मी शब्द दिलाय," दादा म्हणाला.

"शब्द? स्वतःच्या आईला बाहेर काढायला पान्हे घेऊन जाणार का तुम्ही?"

"मी नाही गेलो तर ते नाक्यावरच्या ड्रिलवाल्याला आणतील."

मागच्या दाराचं कुलूप वडिलांनी स्वतः घडवलं होतं. त्यात विकत आणलेला एकही भाग नव्हता. नाक्यावरचा माणूस कुलूप बघतसुद्धा नाही, मधोमध भोक पाडतो.

काकांना गप्प बसवेना. "घरात आजारी माणूस असेल तर सामान हलवता येत नाही. हा फार मोठा मुद्दा आहे. आजारी कोण आहे आपल्यात?"

"मला गुडघे आहेत," आत्या म्हणाली.

"ताई, तू वादी आहेस. तुझे गुडघे आपल्या बाजूने धरता येत नाहीत."

"माझे गुडघे कोणाच्या बाजूने आहेत ते मला विचार."

"मग वहिनी पडून राहतील," काका आईकडे वळले.

"भाऊजी, मी पडणार नाही, रडणार नाही आणि जाणारही नाही." आईने सुरी खाली ठेवली. "मला खुर्चीसकट उचलून न्यायला लागेल. खुर्चीचा डावा पाय सैल आहे, तेवढं त्यांना सांगा."

ती हसत बोलली, पण वडील गेल्यापासून ती या दाराबाहेर पडली नव्हती. कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा नाही. मी येऊन राहिले होते ते त्यासाठीच. रोज तिला म्हणायचे, आई, गल्लीच्या टोकापर्यंत चल, आणि रोज ती म्हणायची, उद्या. ज्या घरातून तिला एक चक्कर मारायला नेता येत नव्हतं, तिथून तिला कायमचं कसं उठवायचं, हे मला कळत नव्हतं. तिला दुसरीकडे नेलं तर ती तिथे जेवेल, झोपेल, आमच्याशी नीट बोलेलही, आणि तरी आमच्या हाती लागणार नाही, असं मला वाटत होतं. दादालाही वाटत होतं. आम्ही ते एकमेकांना बोललो नव्हतो.

वहिनीचं मात्र वेगळं होतं, आणि ते तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला एक स्वयंपाकघर हवं होतं ज्याची खिडकी भिंतीवर उघडत नाही. निकाल लागला तेव्हा ती मनातून खूश झाली होती. कोणाला न सांगता चांगल्या बशा तिने वर्तमानपत्रात गुंडाळूनही ठेवल्या होत्या. त्या संध्याकाळी सगळे दादाकडे बघत असताना तिच्या ध्यानात आलं, की आपण मघापासून घर राखायच्या बाजूने भांडतोय. तिला स्वतःचाच राग आला. मग ती आत गेली आणि एकेक बशी सोडवून मांडणीवर लावू लागली. आम्हाला वाटलं, रागाने भांडी आपटतेय.

शेवटी आईनेच निकाल दिला.

"तो जाईल," ती म्हणाली. "बापाने कधी येतो म्हणून चुकवलं नाही. पण दार मी आतून लावणार. त्याने त्याचं काम करावं, मी माझं करीन."

"वा!" काका म्हणाले. "हे कायद्याला धरून आहे."

आत्या उठली नव्हती. तिने पाय वर घेतले होते.

"तुम्हाला सोडायला येऊ का, आत्या?" दादाने विचारलं.

"मला कुठे सोडतोस? उद्या दहाला मला इथे हजर राहायचंय ना? तिकडून यायचं म्हणजे दोन बसा बदला. मी इथेच झोपते."

आईने उठून कपाटातली जादा उशी काढली.

*

सकाळी मी उठले तेव्हा आत्या वडिलांच्या खोलीत खाटेवर बसून केस विंचरत होती. फणी वडिलांची होती. मी ते पाहिलं हे तिने पाहिलं.

"घरून आणायची राहिली," ती म्हणाली.

"असू दे."

"निकाल लागला ना, तेव्हा वकील माझा हात हलवत होता. अभिनंदन, अभिनंदन. मी याच्याकडे बघितलं. म्हटलं आता हा काही बोलेल. तर हा म्हणतो, ताई, चल, बस चुकेल." तिने फणीतले केस काढून बोटाला गुंडाळले. "त्यानंतर आम्हाला जायला काही उरलंच नाही."

दहाच्या सुमाराला मागच्या गल्लीत पावलं वाजली. आईने दार आतून लावलं, किल्ली दोनदा फिरवली आणि डावा पाय सैल असलेल्या खुर्चीवर जाऊन बसली. काकांनी खिडकीची जागा धरली. मी त्यांच्या मागे उभी राहिले. बाहेर बेलिफ, दोन पंच, आत्याचा मुलगा आणि त्याने आणलेला रंगारी. रंगारी भिंतीकडे बघून मान हलवत होता. दादा दुकानाच्या बाजूने वळसा घालून अवजारांची पेटी घेऊन आला, तो बाहेरूनच आल्यासारखा.

बेलिफांचा चेहरा उजळला. "आलास? बरं झालं. मला वाटलं तू एवढ्यात बाहेरची कामं घेतोस की नाही."

"घेतो."

"हेच दार ना?"

"हेच."

बेलिफांनी आमचं मागचं दार कधी पाहिलं नव्हतं. वडिलांना ते नेहमी दुकानातच भेटायचे. वडील गेले त्या दिवशीही ते दुकानासमोर येऊन उभे राहिले होते आणि दादाच्या खांद्यावर हात ठेवून गेले होते.

आत्याचा मुलगा अस्वस्थ होता. त्याने दादाची नजर टाळली. "दादा, हे आपल्यात यायला नको होतं रे."

"मग रंगारी कशाला आणलास?"

"नुसता अंदाज घ्यायला."

दादाने पेटी उघडली, गुडघ्यावर बसला आणि वडील करायचे तसंच केलं. कुठलंही दार असो, ते आधी बोटांनी हलकेच वाजवायचे, आपण कोण ते सांगायचे आणि थांबायचे. आतल्या माणसाला तोंडावर पाणी मारायला, अंगातले कपडे नीट करायला वेळ मिळावा म्हणून. दादाने स्वतःच्या घराचं दार वाजवलं.

"कुलूपवाला आलोय. आत कोणी असेल तर आवाज द्या."

"हो रे, कळलं," आतून आई म्हणाली. "तू खाल्लंस का काही?"

बेलिफांनी दादाकडे पाहिलं. "तुझी ओळख आहे यांच्याशी?"

"आई आहे."

पंचांपैकी एकजण खोकला. बेलिफ काही वेळ दाराकडे, मग पत्र्यावरच्या नंबराकडे, मग हातातल्या वॉरंटकडे बघत राहिले.

"मग तुझ्याकडे किल्ली असेल."

"आहे की. खिशात आहे."

"अरे मग उघड ना."

"तुम्ही मला कुलूपवाला म्हणून बोलावलंय," दादा म्हणाला. "किल्ली घरचा माणूस म्हणून आहे."

"बरोबर," काका खिडकीतून ओरडले. "किल्ली वापरली तर तो स्वखुशीने दिलेला ताबा होतो. अवजारंच वापर."

दादाने अवजारं लावली. दुसऱ्याच्या कुलपात दादाचा हात वडिलांइतका नसला तरी बरा चालतो. पण या कुलपाचा बाप आणि दादाचा बाप एकच. पंच उकिडवे बसले. रंगाऱ्याने सल्ला दिला. आतून आई मधूनच म्हणायची, "जरा वर दाबून बघ, ते वर दाबायचे." दादाच्या कपाळावर घाम आला. मला खिडकीतून त्याचा चेहरा दिसत होता. तो रडत नव्हता. लहानपणी वडील त्याला डोळे बांधून कुलूप उघडायला लावायचे, तेव्हा जसा ओठ दुमडायचा तसा त्याने दुमडला होता. मग आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला, आणि दार उघडलं.

दारात आत्या उभी होती.

"आई?" दातवाला म्हणाला. "तू आत काय करतेस?"

"झोपले होते. तुझ्या बायकोने विचारलं तरी का, सासू रात्री कुठे आहे?"

"वादी ना तुम्ही?" बेलिफ म्हणाले. "मी ताबा तुम्हाला द्यायचा आहे. तुम्ही आत असून कसं चालेल? तुम्ही बाहेर या, हे बाहेर येतील, मग तुम्ही आत जायचं."

"सगळ्यांनी बाहेर येऊन परत आत कशाला जायचं? माझे गुडघे बघितलेत का?"

बेलिफांनी तो विषय सोडला. ते उंबरठ्याच्या आत आले, वॉरंट वर धरलं आणि रीतीप्रमाणे वडिलांचं नाव वाचलं. त्यांचं स्वतःचं, त्यांच्या वडिलांचं, आडनाव, सगळं. त्या घरात इतकं पूर्ण नाव मी कधी ऐकलं नव्हतं. "हे हजर आहेत का?"

"बाहेर गेलेत," आई म्हणाली.

ती विचार करून बोलली नाही. दारात येऊन कोणी त्यांचं नाव घेतलं की आयुष्यभर ती हेच सांगत आली होती. बोलल्यावर मात्र तिचा हात खुर्चीच्या दांडीवर तसाच राहिला.

बेलिफांना अजून उलगडा झाला नव्हता. "कधी येतील?"

"साहेब," दादा मागून म्हणाला, "ते नाव मास्तरांचं आहे."

बेलिफांनी कागद खाली घेतला. मग खुंटीवरचा वडिलांचा कामाचा अंगरखा त्यांना दिसला. त्यांनी बूट काढले. बूट काढायचं काही कारण नव्हतं, पण काढले.

"वहिनी, मी येऊन गेलो होतो हो त्या दिवशी," ते म्हणाले. "मला नाव माहीत नव्हतं. इतकी वर्षं बरोबर काम केलं, आणि मास्तर सोडून दुसरं नावच कधी लागलं नाही." मग ते आत्याच्या मुलाकडे वळले, आणि त्यांचा आवाज ऑफिसातला झाला. "हे वारले, हे तुम्ही कोर्टाला कळवलं नाही?"

"सगळ्या गावाला माहीत होतं."

"कोर्ट गावात राहत नाही."

"मग आता?"

"आता काय? माणूस नाही, त्याला बाहेर काढू कसा? आधी वारसांची नावं लावा. त्यांना नोटीस जाईल. इथे त्यांच्याबरोबर राहत होते त्यांचा जागेवर काही हक्क आहे का, हे कोर्ट ऐकून घेईल. मग त्यातून जो हुकूम निघेल तो. मी आज एवढंच लिहून परत जाणार."

"मी म्हटलंच होतं," काका म्हणाले. त्यांनी नेमकं उलटं, केस संपली असं म्हटलं होतं.

रिकामी खुर्ची नसल्यामुळे दातवाला वडिलांच्या स्टुलावर बसला. एकदम थकलेला दिसला. "मला आत्ताच्या दवाखान्याच्या जागेतून महिनाअखेर निघायला सांगितलंय," तो म्हणाला. "मालक म्हणतो, कुलूप बदलून टाकीन."

"त्याला बदलता येत नाही," बेलिफ लिहिता लिहिता म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. मालक असला म्हणून स्वतः उठून भाडेकरूला काढता येत नाही. कुलूप घालायचं नाही, सामान रस्त्यावर टाकायचं नाही, पाणी तोडायचं नाही. त्याने कोर्टात जायचं, तुमचं म्हणणं ऐकलं जाणार, आणि हुकूम झालाच तरी तो बजावायला माझ्यासारखाच कोणीतरी येणार."

"हे दवाखान्यालाही लागू आहे?"

"करारात काय आहे ते वकिलाला दाखवा. पण धाकदपटशा चालत नाही, ना घरात, ना दवाखान्यात."

"पाणी तर त्याने मागच्या आठवड्यातच तोडलंय," दातवाला म्हणाला. "पेशंट चुळा भरायला खालच्या चांभाराच्या दुकानात जातात."

काका खिडकीतून उतरले. त्यांच्या चेहऱ्यावर पन्हाळीच्या दिवसांतलं तेज आलं होतं. "पाणी तोडलं? लेखी आहे का काही? बस, बस तू. वहिनी, याला चहा टाका." आईने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने आधण ठेवलं आणि मांडणीवरच्या चांगल्या बशा खाली काढल्या. ज्याने आम्हाला काढायला रंगारी आणला होता, त्याची केस काकांनी आमच्याच घरात, आमच्याच स्टुलावर बसवून हातात घेतली. दादा दारापाशी बसून कुलूप पुसत होता. "तुझं दार उघडायचं झालं तर मला बोलावतील," तो दातवाल्याला म्हणाला. "मी आधी वाजवीन."

आत्या मधोमध उभीच होती. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"मला तारीख कधीची मिळेल?" तिने विचारलं.

"तुम्हाला?" बेलिफ म्हणाले. "बाई, तुम्ही जिंकलाय. जिंकलेला माणूस तारीख मागत नाही."

"पण तुम्ही म्हणालात ना, पुन्हा ऐकतील."

"ऐकतील. वारसांना बोलावतील." ते आईकडे वळले. "वहिनी, नोटीस तुमच्या नावाने येईल. त्या दिवशी तुम्हाला हजर राहावं लागेल."

"मी बाहेर जात नाही," आई म्हणाली.

"नाही आलात तर तुमच्यामागे निकाल होईल. मग मी पुन्हा येईन, आणि तेव्हा मला परत जाता येणार नाही." ते अगदी हळू बोलले. "तुम्हाला हे घर ठेवायचं असेल तर तुम्हाला यावं लागेल."

आईने दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं, गल्लीतलं ऊन उंबरठ्यावर आलं होतं. दादाने कुलूप पुसायचं थांबवलं. मी काही बोलायला गेले, पण वहिनीने माझ्या मनगटाला हात लावला.

"मी नेते तिला," आत्या म्हणाली.

"तुम्ही वादी," बेलिफ म्हणाले.

"मग काय, वेगळ्या बसने जायचं?" ती आईसमोर जाऊन उभी राहिली. "तिथे पंखे फार जोरात असतात. अंगावर घ्यायला काहीतरी ठेव. आणि डबा तूच बांधायचा, माझ्या सुनेच्या हातचं मी नेणार नाही."

आईने विचारलं, "तो रस्ता फार रुंद आहे म्हणे."

"आहे. पण मला आता येतो ओलांडता. त्याने शिकवला."

"मला बसमध्ये मळमळतं, वन्सं. खिडकीशी मी बसणार."

"खिडकीशी तो मला बसवायचा."

चहाला उकळी आली. वहिनीने तो उतरवला आणि न ओतता तसाच धरून ठेवला.

"जाताना तुम्ही बसा," आई म्हणाली. "येताना मी बसते."

काका म्हणाले, हे लेखी घेतलेलं बरं. दोघींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.